काकांना हुमले मारायचे होते

वेंगुर्ल्याकडच्या एका काजूबागेतून भर मोहोरात बोलावणं आलं. काकांचं गाऱ्हाणं एकच, हुमले, म्हणजे झाडावरच्या चावऱ्या तांबड्या मुंग्या: "सायबानू, ह्या हुमल्यांवर कायतरी जालीम औषद सांगा. गडी झाडाकडे जाऊक तयार नाय."

बागेत शिरलो तर दुखणं निराळंच निघालं. ढेकण्याने बाग धरली होती. हा लालसर तपकिरी किडा पालवी, मोहोर, कोवळी बी, मिळेल तिथे सोंड खुपसतो. त्याची लाळ विषारी; टोचल्या जागी काळे चट्टे पडतात आणि अख्खा तुरा वाळतो. कलमं वणव्याची झळ लागल्यासारखी दिसत होती. गडग्याच्या कडेची झाडं मात्र हिरवी, मोहोर टवटवीत. आणि नेमकी त्याच झाडांवर हुमल्यांची पानं शिवलेली घरटी!

करपलेल्या शेंड्यावरचं ढेकण्याचं एक पिल्लू मी अलगद उचलून त्यातल्या एका फांदीवर सोडलं. क्षणात हुमल्यांनी त्याचे पाय चहूबाजूंनी ताणून धरले आणि ओढत घरट्याकडे नेलं. काका बघतच राहिले. जावामधल्या कोकोच्या मळ्यांत ढेकण्याच्याच जातभाईंवर काळ्या मुंग्या पोसत, तेही मी त्यांना सांगितलं.

मग काथ्याची दोरी मागवली. हुमल्यांच्या झाडावरून शेजारच्या कलमांवर दोरी बांधली की ते आपोआप पसरतात. पण दोन वेगळ्या वसाहती जोडल्या तर ते एकमेकांनाच मारतात. म्हणून आधी एका झाडावरचे चार हुमले दुसऱ्यावर सोडून पाहिले. जिथे त्यांना कोणी धरलं नाही, तिथेच दोरी. जिथे झोंबाझोंबी झाली, तिथल्या एकमेकांत शिरलेल्या फांद्या छाटल्या.

हुमले फुकट राखण करत नाहीत. गोड चिकट्यासाठी ते पिठ्या ढेकूण आणि खवले किडीला सांभाळतात, त्यामुळे झाडांवर नजर ठेवावीच लागते. तरीही माझं मत पक्कं आहे: हुमले नांदत असतील त्या झाडावर फवारा नको, कारण औषधाने आधी राखणदारच मरतो.

काका अर्धेच पटले. गडग्याकडची झाडं सोडायची, पलीकडे फवारणी करायची, असं ठरलं.

काकूंनी मात्र खरा प्रश्न विचारला, "बी काढूची कशी?"

"पिकलेलं बोंडू बीसकट आपणहून पडतं. खालूनच वेचा. झाडाला हात लावायचाच झाला, तर हातापायांना राख चोळा."