नकाशावरचे लाल चौकोन

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक कारभाराच्या, नोकरीत रुळायचे, तर आधी विषयपत्रिका वाचायला शिकावे लागते. विषयापुढे नुसते ‘अहवाल’ असे छापलेले असेल, तर दहा मिनिटे बोलायचे, एकदोन प्रश्नांना उत्तरे द्यायची आणि खाली बसायचे. पण ‘अहवाल, चर्चा आणि शक्य ती कार्यवाही’ असे छापलेले असेल, तर कोणाच्या तरी खिशात ठराव तयार आहे असे समजून जायचे. सप्टेंबर २०१९ मधल्या बैठकीची पत्रिका नियमाप्रमाणे आदल्या दिवशी दारावर लागली, तेव्हा ‘घरगुती बोअरच्या पाण्याची तपासणी’ या माझ्या विषयापुढे ते शेवटचे तीन शब्द होते, आणि ते मी घातलेले नव्हते.

मी या काउंटीचा कृषी विस्तार एजंट. केंद्र सरकार, राज्याचे विद्यापीठ आणि काउंटी या तिघांनी मिळून शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान पोहोचवायचे, अशी घडी १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने घालून दिली आणि ती साधारण तशीच टिकून आहे. माझी नेमणूक विद्यापीठाची. आमचा विभाग २०१८ मध्ये मॅडिसनच्या विद्यापीठाला जोडला गेला. पण माझ्या पदासाठी ठरावीक रक्कम काउंटी दर वर्षी कराराने भरते, बसायला जागा आणि कारकून देते, आणि त्याबदल्यात काउंटीच्या कृषी व विस्तार शिक्षण समितीसमोर मी दर महिन्याला हिशेब द्यायला उभा राहतो. तुरुंग, न्यायालय, समाजकल्याण हे खर्च काउंटीला टाळता येत नाहीत. विस्तारकार्य मात्र ऐच्छिक आहे. त्यातच मालमत्ता कराची वाढ राज्याने नव्या बांधकामाच्या प्रमाणाशी बांधून टाकलेली असल्यामुळे, जिथे नवे घर उभे राहिले की गावभर बातमी होते अशा आमच्या काउंटीत, पानगळ सुरू झाली की अंदाजपत्रकातली आमची ओळ राहते की जाते याची कुजबुजही सुरू होते.

समितीवर काउंटी बोर्डाचे पाच निवडून आलेले सभासद असतात. त्यांना इथे सुपरवायझर म्हणतात. आपल्याकडे हा शब्द मुकादमाला लावतात, आणि पहिले वर्षभर मला त्यात फारसा फरक वाटत नव्हता. त्या वर्षी पाचांपैकी दोघे दूधवाले शेतकरी होते.

माझे वडील महाराष्ट्रात कृषी सहायक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या दौरा-दैनंदिनीवर मंडळ कृषी अधिकाऱ्याची सही, मंडळावर तालुक्याचा अधिकारी, तालुक्यावर जिल्ह्याचा. लक्ष्यांक वरून खाली यायचे आणि प्रगती अहवाल खालून वर जायचे. मी राहुरीहून पदवी घेऊन इकडे आलो आणि ही नोकरी लागली, तेव्हा फोनवर त्यांना सगळी रचना समजावून सांगितली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे गोठेवाला तुझा साहेब?” मी म्हटले, “एकटा नाही बाबा, पाचांतले दोन.” ते म्हणाले, “मग त्याच्या गोठ्याबद्दल खरं कसं बोलतोस?” तेव्हा मी हसून विषय बदलला होता.

हा भाग राज्याच्या नैऋत्येकडचा. हिमयुगातल्या बर्फाने इथल्या टेकड्या घासून सपाट केल्या नाहीत. माती पातळ आहे आणि खाली भेगाळ चुनखडक. वर टाकलेले शेण किंवा खत पावसाबरोबर कुठे आणि किती लवकर उतरेल, याचा भरवसा नसतो. शेजारच्या ग्रँट, आयोवा आणि लाफायेट या तीन काउंट्यांत नोव्हेंबर २०१८ मध्ये ३०१ खाजगी बोअरचे नमुने तपासले गेले, त्यांतले ४२ टक्के कोलिफॉर्म जिवाणू किंवा नायट्रेट यांच्या मर्यादेबाहेर निघाले. खाजगी बोअरचे पाणी नियमितपणे तपासण्याची सक्ती घरमालकावर नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे तेच पाणी पिणाऱ्याला आपण काय पितो ते ठाऊक नसते. ते आकडे आल्यावर आमच्याकडेही तशी तपासणी करू या, असे मीच समितीला सुचवले होते आणि समितीने ते एकमताने मान्य केले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे ते सगळेच विसरले.

मे महिन्यात आम्ही बाटल्या वाटल्या. नळाच्या तोंडाची जाळी काढायची, पाणी काही मिनिटे वाहू द्यायचे, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचे नाही, अशा सूचनांचा कागद प्रत्येक बाटलीबरोबर होता. नमुने गोळा करण्याच्या सकाळी एका तरुण बाईने पाणी आणले ते काकडीच्या लोणच्याच्या बरणीत. बरणी साबणाने लख्ख घासलेली होती, झाकणाच्या कडेला मात्र बडीशेपेसारख्या वासाची हिरवी काडी चिकटून राहिली होती. कडेवर मूल होते. ती मेक्सिकोची, नवरा एका गोठ्यावर दूध काढायच्या कामाला, आणि राहायला त्याच मालकाचे जुने घर. सूचनांचा कागद इंग्रजीत होता आणि तो तिला वाचता आला नव्हता. आमच्या कारकूनबाईंना थोडी स्पॅनिश येते. त्यांनी तिला नवी बाटली देऊन सगळे समजावले. ती गेली आणि बारा वाजायच्या आत योग्य तऱ्हेने भरलेली बाटली घेऊन परत आली. बाटल्या बर्फाच्या पेट्यांत घालून मी त्याच दुपारी स्टीव्हन्स पॉइंटच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पोहोचवल्या, कारण जिवाणूंच्या चाचणीला शिळे पाणी चालत नाही.

निकाल प्रत्येकाच्या घरी टपालाने गेले. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजनची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. लोणच्याच्या बरणीवाल्या घराचा आकडा २३ आला.

मी केलेला नकाशा सेक्शननिहाय होता. इथली जमीन एक मैल लांब आणि एक मैल रुंद अशा चौकोनांत मोजलेली आहे. अशा एका चौकोनाला, म्हणजे ६४० एकरांना, सेक्शन म्हणतात. घराचे नाव नाही, पत्ता नाही, नुसता चौकोन रंगवायचा. दहाच्या वर असेल तर लाल. घरमालकांना गुप्ततेचे वचन दिले होते आणि मला वाटत होते की ते मी पाळले आहे. समितीच्या टेबलावर नकाशा पसरल्यावर दोन दूधवाल्यांपैकी थोरले गृहस्थ पुढे वाकले आणि उत्तरेकडच्या एका लाल चौकोनावर बोट ठेवून त्यांनी विचारले, “इथे घरे किती?”

“तीन.”

“गोठे किती?”

“एक.”

“कोणाचा?”

मी गप्प राहिलो. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला तो गोठा कोणाचा ते माहीत होते, आणि विचारणाऱ्याला सर्वांत अधिक.

मग त्यांनी आवाज न चढवता विचारले की हे नायट्रेट त्यांच्याच शेणखतातून आले असे मी शपथेवर सांगू शकतो का. मी म्हटले, नाही. सांडपाण्याच्या टाकीतूनही नायट्रेट उतरते, मक्याला दिलेल्या रासायनिक खतातून उतरते, आणि आज पाण्यात सापडणारे नायट्रेट काही वर्षांपूर्वी जमिनीवर पडलेलेही असू शकते. पाण्यात काय आहे ते नकाशा दाखवतो, ते कुठून आले ते दाखवत नाही. “आणि नकाशा पाहणारा काय वाचेल?” असे त्यांनी विचारले. याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. त्यांचा स्वार्थ उघड दिसत होता, पण मुद्दाही खरा होता, आणि दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून एकाच वेळी येतात तेव्हा सरकारी नोकराची फार पंचाईत होते.

या राज्यातल्या दूधवाल्यांना आकड्यांचा तिटकारा नाही, उलट त्यांचा धंदाच एका आकड्यावर उभा राहिला. मॅडिसनच्याच विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये दुधातले स्निग्धांश मोजायची सोपी चाचणी काढली आणि तिचे पेटंट घेतले नाही. तिच्यामुळे कोणाच्या कॅनमध्ये पाणी आणि कोणाच्या कॅनमध्ये साय हा डेअरीच्या दारातला तंटा मिटला. पण स्निग्धांशाचा आकडा ज्याच्या त्याच्या कॅनचा असतो. जमिनीखालचे पाणी सगळ्यांचे, म्हणून त्याचा आकडा नेमका कोणाच्या नावावर टाकायचा हे ठरत नाही. शिवाय ते वर्ष वाईट होते. दुधाचा भाव अनेक वर्षे पडलेला, वसंतातल्या पावसाने पेरण्या लांबलेल्या, आणि त्या एका वर्षात राज्यातले ८०० हून अधिक गोठे बंद झाले. अशा वेळी आपल्या शेतावर लाल चौकोन पाहणाऱ्याला मी चुनखडकाचे विज्ञान सांगत होतो.

त्यांनी ठराव मांडला: नकाशाचे काम थांबवावे, अहवाल दप्तरी दाखल करावा आणि उरलेले पैसे काउंटीला परत करावेत. दुसऱ्या दूधवाल्याने अनुमोदन दिले.

मतदानाआधी अध्यक्षांनी नागरिकांना तीन-तीन मिनिटे बोलू दिले. हजर नागरिक दोनच, आणि त्यांतले एक पिढीजात बोअर मारणारे. त्यांनी कागदी पिशवीतून लोखंडी पाइपाचा हातभर तुकडा काढून सरळ माझ्या नकाशावर ठेवला. तांबेऱ्याने तो इतका खाल्ला होता की एका जागी भोकातून खालच्या नकाशाचा कागद दिसत होता. जुन्या बोअरमधून उपसून काढलेले ते केसिंग, म्हणजे बोअरच्या आत बसवलेले पाइपाचे अस्तर, होते. विस्कॉन्सिनने बोअरच्या बांधणीचे नियम १९३६ मध्येच केले, पण त्याआधीच्या बोअर अजून वापरात आहेत आणि त्यांचे केसिंग किती खोल गेले आहे याची नोंद कुठेच नाही, असे त्यांनी सांगितले. एकाच अंगणातल्या दोन बोअरपैकी आखूड केसिंगवालीचे पाणी खराब आणि खोल केसिंगवालीचे चांगले, हे त्यांनी अनेकदा पाहिले होते. थोरले दूधवाले समाधानाने मागे रेलले. तेव्हा त्यांच्याकडे न बघता बोअरवाले म्हणाले, “वरचे पाणी आत जाते ते या भोकातून. वर काय टाकता, ते तुमचे तुम्ही बघा.” त्यांची मिनिटे अजून उरली होती, पण ते पाइप पिशवीत घालून बसले. नकाशावर तांबड्या भुकटीची एक कमान उरली.

समितीवरच्या निवृत्त शिक्षिकेने दुरुस्ती सुचवली. नकाशा प्रसिद्ध करावा, पण सेक्शननिहाय न करता टाउननिहाय, म्हणजे साधारण ३६ सेक्शनांचा मिळून एक रंग. ‘हा नकाशा नायट्रेटचा उगम सांगत नाही’ हे वाक्य त्यावर ठळक छापावे. आणि उरलेल्या पैशांतून दहाच्या वर निकाल आलेल्या प्रत्येक घराची फेरतपासणी करून द्यावी. दुरुस्ती तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाली आणि दुरुस्त ठरावही तसाच. मूळ ठराव मांडणाऱ्याने स्वतःच्याच ठरावाविरुद्ध मत दिले. इतिवृत्तात या पाऊण तासाची नोंद अशी झाली: एजंटने अहवाल सादर केला. चर्चा झाली.

टाउननिहाय नकाशात उत्तरेकडचा तो चौकोन पिवळ्यात विरघळून गेला. उद्या तिथे घर घेणाऱ्याला तो पिवळाच दिसेल. मी ठराव पाळला, नकाशा छापला आणि त्यावर विद्यापीठाच्या बोधचिन्हाखाली माझे नाव घातले. ते नाव पाहताना अजूनही मला अवघडल्यासारखे होते.

फेरतपासणीची बाटली घेऊन मी त्या जुन्या घरी गेलो. कारकूनबाईंना बरोबर नेले होते. स्वयंपाकघरात गॅसवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होते. निकालाचा कागद आल्यापासून ती बाई बाळासाठी रोज पाणी उकळून ठेवत होती. कागदावर मोठ्या अक्षरांत २३ होते, म्हणजे काहीतरी वाईट, आणि वाईट पाणी उकळावे हे तिला तिच्या आईने शिकवले होते, जसे मला माझ्या आजीने. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाण्याची वाफ होते आणि ते अधिक दाट होते. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने घटते. कारकूनबाई हे सांगत असताना तिने काही न बोलता गॅस बंद केला आणि पातेले मोरीत रिकामे केले. ती समितीच्या बैठकीला आली नव्हती. तिला मत नाही, मलाही नाही. आम्ही दोघे या काउंटीत कामापुरते आहोत, आणि माझा निकालाचा कागद मीच फक्त इंग्रजीत पाठवला होता. त्या आठवड्यात सगळ्या सूचना स्पॅनिशमध्ये करून घेतल्या. तेवढे करायला कोणाचा ठराव लागत नव्हता.

ऑक्टोबरच्या मध्यावर त्या रस्त्याने जाताना जुन्या घराच्या अंगणात बोअर मारायचे यंत्र उभे दिसले. मी गाडी थांबवली नाही. मालकांनी समितीत त्याविषयी कधी शब्द काढला नाही, मीही काढला नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या सोमवारनंतरच्या मंगळवारी काउंटी बोर्डाची वार्षिक सभा असते. त्या सभेत आमच्या कराराची ओळ राहिली, पण रक्कम निम्मी झाली. माझे पद शेजारच्या काउंटीबरोबर वाटून घ्यायचे ठरले. पाण्याच्या बैठकीशी त्याचा संबंध होता की नाही, हे मला कोणी सांगितले नाही. बाबांना फोनवर हे सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “तिकडच्या समितीत गोठेवाले किती?” मी म्हटले, “तीन.” जानेवारीत तिथल्या पहिल्या बैठकीची पत्रिका आली. माझ्या नावापुढे ‘ओळख’ असे होते, आणि त्याखालच्या ओळीत ‘बोअरच्या पाण्याची तपासणी: चर्चा आणि शक्य ती कार्यवाही’.