मोम्बासा-राबाई मिशन ट्रिप: पुढच्या गटाने आधी काय उरकावं

मिशन ट्रिपला, म्हणजे परदेशातल्या मंडळ्यांमध्ये ख्रिस्ती सेवेसाठी आणि प्रचारासाठी, जाणारे बहुतेक गट तयारीची सुरुवात तिकिटांपासून करतात. केनियाला जायचं असेल तर ती यलो फीवरच्या लशीपासून करावी. भारतातून येणाऱ्याकडे केनियात लशीचं कार्ड सहसा मागत नाहीत, म्हणून ‘लागत नाही’ असा समज पसरतो. घोळ होतो तो परतताना. केनिया भारताच्या यलो फीवर यादीत आहे. वैध कार्ड नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आदिस अबाबामार्गे आलात तरी सुटका नाही, कारण इथिओपियाही त्याच यादीत आहे.

लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून केंद्रं ठरावीक वारी, नाव नोंदवूनच लस देतात, आणि अख्ख्या गटाला एकाच दिवसाची वेळ मिळेलच असं नाही. कार्ड दहाव्या दिवसापासून ग्राह्य, पुढे आयुष्यभर. त्यावरचं नाव आणि पासपोर्ट नंबर तिथेच उभं राहून ताडून पाहा. साठीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. गटातली नावं पक्की करायची ती त्यानंतर.

जानेवारी 2024 पासून केनियाने व्हिसाऐवजी ईटीए (प्रवासाआधी ऑनलाइन घ्यायची प्रवेशपरवानगी) सुरू केलं आहे. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा; दिसायला हुबेहूब अशी मध्यस्थांची पानं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. प्रवासाचं कारण खरं लिहा. ‘पर्यटन’ लिहून गेलेला माणूस व्यासपीठावरून संदेश देताना दिसला, तर जाब यजमान मंडळीला द्यावा लागतो. तुमच्या कामाला ईटीए पुरतं की इमिग्रेशनचा स्पेशल पास (थोड्या मुदतीच्या कामाचा परवाना) लागेल, हे यजमानांकडून लेखी घ्या. सोबत दोन पत्रं हवीत: त्यांचं निमंत्रण आणि आपल्या पाळकांचं शिफारसपत्र. दोन्ही इंग्रजीत, लेटरहेडवर, प्रत्येकाच्या पासपोर्टवरच्या नावासकट.

ही पत्रं राबाईत जास्त महत्त्वाची. राबाई किलिफी काउंटीत येतं. याच काउंटीतल्या शाकाहोलाच्या जंगलात 2023 मध्ये एका प्रचारकाच्या नादी लागलेल्या चारशेहून अधिक लोकांची प्रेतं सापडली; त्यातले बरेच उपासमारीने मेले होते. अनोळखी प्रचारकाकडे तिथे संशयाने पाहिलं तर नवल नाही. आधी स्थानिक पाळकांना सोबत घेऊन चीफच्या (गावपातळीवरच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) कार्यालयात जाऊन यावं. मोम्बासा शहरात मुस्लिम वस्ती मोठी आहे. रस्त्यावर पत्रकं वाटण्याचा उत्साह घरीच ठेवा.

आरोग्य शिबिर करायचं असेल तर भारतीय डॉक्टरला केनियाच्या वैद्यकीय परिषदेचा तात्पुरता परवाना लागतो. बॅगेत औषधांचे खोके कोंबून नेऊ नका. स्वतःची औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट न्यावीत, बाकीची यजमानांनी तिथे विकत घ्यावीत.

पैशाचं एक कलम हमखास राहून जातं. धर्मादाय ट्रस्टचा पैसा भारताबाहेर खर्च झाला तर प्राप्तिकराच्या सवलतीवर प्रश्न उभा राहतो, त्यासाठी आधी मंजुरी लागते. म्हणून प्रत्येकाने आपला खर्च आपल्या खात्यातून करावा आणि ट्रस्टच्या सीएला आधी विचारावं. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या, न लिहिलेल्या, न दुमडलेल्या घ्या. तिथले रोजचे व्यवहार एम-पेसावर (मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेवर) चालतात; सिमकार्ड पासपोर्ट दाखवून मिळतं. कुणाच्या हातात रोख मदत ठेवू नका. एकाला दिली की दुसऱ्या दिवशी दाराशी रांग लागते आणि पाळकांची पंचाईत होते.

नैरोबीहून मोम्बासाला रेल्वेने पाच-सहा तास लागतात. स्टेशनवर सामानाची तपासणी कसून होते, तासभर आधी पोहोचा. मार्च ते मे हे पावसाचे महिने टाळावेत.

मोम्बासात फ्रेरटाउन ही जुनी मिशन वसाहत चुकवू नका. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं नाशिकच्या शरणपूर या मिशन वस्तीत शिकली, 1860च्या दशकापासून त्यांच्यातले काही मिशनच्या कामासाठी राबाईला गेले, आणि 1870च्या दशकात मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेर यांच्या नावाने ही वसाहत उभी राहिली. तिथली घंटा अजून रस्त्याकाठी आहे. राबाईत जर्मन मिशनरी क्रापफ यांनी 1846 मध्ये केंद्र सुरू केलं. त्यांच्या नावाचं संग्रहालय तिथे आहे. नाशिकहून आलेल्या या मंडळींना तिथे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणतात आणि त्यांचे वंशज आजही या भागात राहतात. आपण पहिल्यांदाच सुवार्ता घेऊन आलो आहोत, अशा थाटात तिथे उभं राहू नये.

संदेशाची तयारी वेगळी करावी लागते. दुभाष्यासोबत वीस मिनिटांची चाळीस होतात, आणि मराठीतून इंग्रजी, इंग्रजीतून स्वाहिली असं दोनदा भाषांतर झालं तर तासभर. दहा मिनिटांचंच लिहा. एका दमात एकच लहान वाक्य बोला, थांबा, दुभाष्याचं पुरं होऊ द्या. शब्दांवरच्या कोट्या काढून टाका. वचनांचे संदर्भ आदल्या दिवशी द्या, तेही स्वाहिली नावांनी: योहान ते योहाना, स्तोत्रसंहिता ते जाबुरी, रोमकरांस ते वारुमी. सुरुवातीला ‘ब्वाना असिफिवे’ (प्रभूची स्तुती असो) म्हटलं की सभा ‘आमेन’ म्हणते. वेळ ठरवताना खात्री करून घ्या: स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे ‘सा ताटू’, म्हणजे शब्दशः तीन वाजता, हे आपले सकाळचे नऊ.

सामान बांधताना चपला, लोणचं प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगेत गुंडाळायची सवय मोडा. 2017 पासून केनियात त्या पिशव्यांवर बंदी आहे. कापडी पिशव्या घ्या, आणि चौकोनी तीन पिनांचा ॲडॅप्टर.

किनाऱ्यावर मलेरिया आहे. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिलं तर जायच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज एक गोळी, जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत. घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. तिने उन्हाचा त्रासही वाढतो, टोपी लागतेच. घरी आल्यावर गोळी चार आठवडे चालू ठेवायची असते, आणि नेमकं तिथेच लोक ती सोडतात. नंतरच्या काही महिन्यांत ताप आला तर अंगावर काढू नका. केनियाला जाऊन आल्याचं डॉक्टरांना सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.