धाडसी शार्ल आणि एकुलत्या लेकीचा वारसा

कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक येऊन शाहू महाराज झाले, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडीचा ड्यूक (सरंजामी सत्ताधीश) धाडसी शार्ल (जन्म १४३३, दिजाँ) याला मात्र ती वाट नव्हती. तिथल्या सरंजामी वारसाहक्कात दत्तकाला जवळपास थाराच नव्हता.

लग्नं तीन. पहिलं फ्रान्सच्या राजकन्येशी, ते लहानपणीच. ती १४४६ मध्ये वारली. दुसरी बूर्बाँची इझाबेल, तिची एकच मुलगी, मेरी (१४५७). तिसरी इंग्लंडच्या राजाची बहीण मार्गारेट, तिला मूल नाही. शार्लच्या बापाला अनौरस मुलं ढीगभर, त्यातला आंत्वान तर नावाजलेला सरदार. पण गादीवर त्यांचा हक्क शून्य.

५ जानेवारी १४७७ ला नान्सीच्या लढाईत शार्ल पडला. प्रेत दोन दिवसांनी बर्फात सापडलं, उघडंनागडं, चेहरा ओळखू येईना. जुन्या जखमा, पडलेले दात आणि वाढलेली नखं यांवरून ओळख पटली. लगेच फ्रान्सच्या अकराव्या लुई राजाने बर्गंडीची डची (ड्यूकचा मुलूख) गिळली. पुरुष वारस नाही, हे निमित्त. फ्लँडर्सकडच्या (आजच्या बेल्जियमकडच्या) मुलखासाठी मेरीला फेब्रुवारीत तिथल्या प्रतिनिधींना मोठी सनद द्यावी लागली. ऑगस्टमध्ये तिने ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातल्या माक्सिमिलियानशी लग्न केलं, म्हणून तो मुलूख त्या घराण्यात गेला.

वंशावळ मांडताना एक घोळ हमखास होतो. तिथे वर्ष ईस्टरला (मार्च-एप्रिलमध्ये) बदलायचं, त्यामुळे जुन्या कागदांत हाच जानेवारी १४७६ चा दिसतो.