आमची वाटचाल : राखाडी भिंतींची खोली

आमची फर्म फिल्म ग्रेड करते, म्हणजे शूट झालेल्या फिल्मचे रंग आणि उजेड बसवते. अशी ग्रेड केलेली पहिली मोठी फिल्म आम्ही नासवली. वाटचाल लिहायला बसलं की लोक पहिल्या पुरस्कारापासून सुरुवात करतात. आमच्याकडे तसं मांडायला काही नाही, आणि पुढे जे जमलं ते त्या नासवण्यामुळेच जमलं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

मी तेव्हा स्वतःच्या शॉर्टफिल्म करायचो. लिहायचं, उसना कॅमेरा आणायचा, शूट करायचं आणि पैसे संपले की दुसऱ्यांची कामं घ्यायची. माझी भागीदार एडिटर. तिच्या टेबलावर कट लॉक झालेल्या, म्हणजे एडिट पक्कं झालेल्या फिल्म पुढे रंगासाठी कुठे न्यायच्या, हा दर वेळचा प्रश्न. फिल्मचे रंग करणारा मोठा डीआय स्टुडिओ त्या बजेटमध्ये बसायचा नाही. दा विंची या कंपनीची रंग करायची यंत्रणा बसवणं हे पूर्वी बड्या पोस्ट स्टुडिओंनाच झेपणारं काम. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइनने ती कंपनी विकत घेतली आणि २०११ मध्ये तिच्या रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती आली. त्या एका डाउनलोडवर आमच्यासारख्या कितीतरी जणांची दुकानं उघडली. सॉफ्टवेअर आलं म्हणजे नजरही सोबत आली, असा आमचा गोड गैरसमज होता.

फिल्म दीड तासाची होती. आम्ही ती घरातल्या खोलीत, पिवळट भिंतीसमोर, एका साध्या कॉम्प्युटर मॉनिटरवर ग्रेड केली. तीन आठवडे. दिग्दर्शक शेजारी बसून खूश होता, आम्हीही खूश. मग थिएटरमध्ये ट्रायल लागली आणि पहिल्याच क्लोजअपला नायिकेचा चेहरा तांब्याच्या भांड्यासारखा दिसला. पुढचा शॉट, तेच. रात्रीचे सीन तर असे बुडाले की कोण बोलतंय ते आवाजावरून ओळखायचं. दिग्दर्शक काही बोलला नाही. मध्यंतरानंतर तो आमच्या रांगेत बसायला आला नाही, एवढंच.

कारण कळायला आम्हाला महिना लागला, आणि कळलं तेव्हा आपण इतके बावळट कसे असं वाटलं. आमच्या मॉनिटरचा पांढरा निळसर होता. डीसिक्स्टीफाइव्ह म्हणजे साधारण ६५०० केल्विनचा पांढरा हवा, आमचा त्याहून बराच थंड. चेहरे निळे दिसतात म्हणून मी प्रत्येक शॉटमध्ये उब वाढवत गेलो. ती उब मॉनिटरच्या निळ्यात जिरायची, फाइलमध्ये मात्र जशीच्या तशी राहायची. प्रोजेक्टरला आमच्या निळ्याशी काय घेणंदेणं? त्याने फाइलमध्ये होतं ते दाखवलं. अंधाराचंही तसंच. मॉनिटरचा ब्राइटनेस भरमसाट चढवलेला, त्यावर जे 'छान अंधारं' दिसलं ते थिएटरमध्ये काळं ठार. टीव्हीसाठी ग्रेड करताना पांढरा १०० निट्सला धरतात (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप), थिएटरच्या पडद्यावर तो ४८ निट्स. आमचा किती होता देव जाणे, कधी मोजलाच नव्हता.

पुढच्या दोन-तीन कामांचे पैसे जमले तेव्हा भागीदाराशी पहिलं मोठं भांडण झालं. मला कॅमेरा हवा होता. माझी स्वतःची फिल्म डोक्यात होती आणि दर वेळी उसनं मागायचा कंटाळा आला होता. ती म्हणाली, आधी मॉनिटर. मी म्हटलं, मॉनिटरवर फिल्म शूट होत नाही. ती म्हणाली, "आधी लगीन कोंढाण्याचं." मी हरलो. ग्रेडिंगचा खरा मॉनिटर आला, तो मोजायचा प्रोब आला, आणि भिंती राखाडी झाल्या. साध्या, कुठल्याही रंगाकडे न झुकणाऱ्या राखाडी. तो रंग मिळवणं हे एक प्रकरणच होतं. दुकानातला 'ग्रे' एकतर निळा निघतो नाहीतर जांभळा. रंगारी चौथ्यांदा डबा बदलताना आमच्याकडे ज्या नजरेने बघत होता ती अजून आठवते. मॉनिटरच्या मागे मंद पांढरा दिवा, बाकी खोलीत अंधार, खिडकीला जाड काळा पडदा. पाहुणे आले की म्हणतात, किती उदास खोली आहे. असू दे.

डोळा लबाड असतो, म्हणून हे सगळं. वीस मिनिटं उबदार चित्राकडे पाहिलं की तो त्यालाच पांढरं मानायला लागतो. म्हणून मध्येमध्ये मी राखाडी भिंतीकडे बघतो, आधी सेव्ह केलेली स्टिल बाजूला लावून ताडतो, आणि डोळ्यापेक्षा स्कोप्सवर, म्हणजे चित्रातला रंग आणि उजेड मोजून दाखवणाऱ्या आलेखांवर, जास्त भरवसा ठेवतो. त्यातल्या रंग दाखवणाऱ्या व्हेक्टरस्कोपवर त्वचेची एक तिरपी रेघ असते. गोरा, सावळा, काळा, कुठलाही माणूस असो, सरळ पांढऱ्या प्रकाशात त्याचा चेहरा त्या रेघेच्या आसपासच पडतो, कारण कातडीखालचं रक्त सगळ्यांचं सारखंच. पहिल्या फिल्मच्या वेळी ती रेघ माझ्यासमोर तीन आठवडे होती. मी तिला शोभेची वस्तू समजत होतो.

लोकांना वाटतं, कलरिस्ट म्हणजे लुक देणारा. हा निळा, तो नारिंगी, रात्र हिरवी. तो भाग असतो, पण वेळ जातो मॅचिंगमध्ये, म्हणजे शॉट एकमेकांशी जुळवण्यात. मागे एका फिल्ममध्ये गच्चीवरचा संवाद होता, पडद्यावर चार मिनिटं. शूट चालू झालं दुपारी तीनला आणि संपलं सातला. नायकाचे क्लोजअप आधी घेतलेले, नायिकेचे शेवटी, त्यामुळे तो उन्हात बोलतो आणि ती तिन्हीसांजेला उत्तर देते. शिवाय मागे हिरव्या रंगाची पाण्याची टाकी, टाकीचा हिरवा नायिकेच्या गळ्यावर आणि हनुवटीखाली उतरलेला. त्या सीनला दोन दिवस लागले. आधी प्रत्येक शॉटचं एक्सपोजर आणि बॅलन्स. मग त्याचं ऊन थोडं खाली आणि तिची संध्याकाळ थोडी वर, दोघांना साडेपाचच्या सुमारास आणून भेटवलं. मग तिच्या गळ्याभोवती एक मऊ विंडो, म्हणजे तेवढाच भाग वेगळा करणारी चौकट, ती चेहऱ्याबरोबर ट्रॅक केली आणि तेवढाच हिरवा काढला. ती मान वळवते तिथे ट्रॅक सुटायचा, तिथे फ्रेमगणिक हाताने बसवला. प्रीमियरनंतर दिग्दर्शक म्हणाला, गच्चीच्या सीनला तुम्ही फारसं काही केलेलं दिसत नाही. मी आभार मानले.

बिघडलेलं फुटेज मात्र कुणाच्या बापाला सुधारता येत नाही, हे सांगायला आम्ही उशिरा शिकलो. एकदा आठ बिटमध्ये शूट केलेलं संध्याकाळचं आकाश आलं. निर्मात्याला ते गडद जांभळं हवं होतं. आठ बिट म्हणजे एका रंगाच्या २५६ पायऱ्या, दहा बिटमध्ये १०२४. त्यात कॅमेऱ्याने कॉम्प्रेशन करून आधीच बरंच खाल्लेलं. आकाश ताणायला घेतलं की त्याच्या पट्ट्या पडायच्या, जणू कुणी रंगीत कागद एकावर एक चिकटवलेत. ग्रेन, म्हणजे बारीक दाणे टाकून झाकलं तेवढं झाकलं. तेव्हापासून शक्य असेल तिथे आम्ही शूटच्या आधी कॅमेरामनबरोबर बसतो. टेस्ट शूट मागवतो, त्यावर एक लट (LUT, रंग बदलायचं तयार सूत्र) बनवून देतो, आणि सेटवर मॉनिटरला तोच लागतो. लॉगचं, म्हणजे पुढे ग्रेड करता यावं म्हणून मुद्दाम कमी कॉन्ट्रास्टमध्ये घेतलेलं फिकट, धुतल्यासारखं चित्र बघून सेटवर कुणी घाबरत नाही आणि कॅमेरामनला हायलाइट कुठवर धरायचे याचा अंदाज राहतो. बाजारात 'एका क्लिकमध्ये सिनेमॅटिक' म्हणून विकले जाणारे लट घेऊन लोक येतात, त्यांना मी एकच म्हणतो: पी हळद आणि हो गोरी, असं होत नसतं.

पैशांबद्दल लिहायचं की नाही, यावर घरात मतभेद आहेत. पण तो वाटचालीतला सगळ्यात खडबडीत रस्ता, तो वगळून कसं चालेल? पहिली काही वर्षं ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय होती. काम चांगलं करायचं आणि पैशांचा विषय निघाला की चहा मागवायचा. एकाने पूर्ण मास्टर, म्हणजे अंतिम प्रत नेली, फिल्म प्रदर्शितही झाली, आमची उरलेली अर्धी रक्कम अजून वाटेत आहे. आता लेखी ठरतं. अर्धे आधी, उरलेले मास्टर हातात देण्यापूर्वी, तोवर दाखवायच्या प्रतीवर मधोमध शिक्का. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात, तिसरीपासून दिवसाप्रमाणे. आणि पिक्चर लॉक म्हणजे लॉक. लॉकनंतर एडिटमध्ये 'फक्त दोन शॉट' बदलले तरी नवा एक्सएमएल (एडिटची यादी), नवा कॉन्फॉर्म (त्या यादीप्रमाणे मूळ शॉट पुन्हा लावणं), आणि कुठला ग्रेड कुठल्या शॉटवर सरकला ते पुन्हा तपासणं. हे काम भागीदार करते, म्हणून त्याचे पैसे मागायलाही तीच बसते. तिला चहा मागवायची सवय नाही.

फोनवर बघून दिलेल्या सूचना हा वेगळाच विषय. एक दिग्दर्शिका रोज रात्री लिंक बघायची आणि सकाळी निरोप यायचा, सगळं फार नारिंगी आहे. आम्ही दोनदा तपासलं, प्रोब लावून मॉनिटरही मोजला. तिसऱ्या दिवशी विचारलं, ताई, किती वाजता बघता? अकरानंतर. तिच्या फोनचा रात्रीचा फिल्टर दहा वाजता आपोआप चालू होत होता, डोळ्यांना त्रास नको म्हणून निळा कमी करणारा. तेव्हापासून लिंकसोबत चार ओळींचं पत्र जातं: फिल्टर बंद, ब्राइटनेस अमुक, खोलीत अंधार, आणि अंतिम निर्णय आमच्या खोलीत येऊन. बहुतेक जण ते वाचत नाहीत.

माझी स्वतःची फिल्म चार वर्षांत पूर्ण झाली, दोन ग्रेडिंगच्या मधल्या फटींत. ती मी ग्रेड केली नाही. सुरुवात केली होती, पण दहा मिनिटांच्या पुढे सरकेना. प्रत्येक शॉटमध्ये मला पडद्यावरचं न दिसता त्या दिवशीचं दिसायचं. इथे पाऊस थांबायची वाट पाहिली होती, इथे बॅटरी संपत आली होती. शेवटी एका दुसऱ्या कलरिस्टकडे दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सोफ्यावर बसलो. अर्ध्या तासात मी "अजून थोडं वॉर्म" म्हणालो. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. माझा लाडका पहाटेचा निळा शॉट त्याने साधा, जवळजवळ बेरंग केला आणि तो बरोबर होता, त्या निळ्याने पुढच्या सीनची हवा काढून घेतली होती. परत आल्यावर आम्ही आमची पद्धत बदलली. पहिल्या दिवशी कुठल्याही नॉबला हात लावायचा नाही. दिग्दर्शकाबरोबर पूर्ण फिल्म सलग बघायची आणि त्याला बोलू द्यायचं.

आता एक सहायक आहे. घेताना तिला रंगांच्या टोप्यांची चाचणी दिली. ८५ टोप्या, चार खोक्यांत, छटांच्या क्रमाने लावायच्या. तिच्या दोन चुका झाल्या, माझ्या त्याच दिवशी चार. त्यावर ती अजून काही बोललेली नाही, हा तिचा मोठेपणा.

गेल्या वर्षी त्या पहिल्या फिल्मच्या दिग्दर्शकाचा फोन आला. फिल्म ऑनलाइन जाणार होती, आमच्याकडे काही शिल्लक आहे का? आम्ही त्या फिल्मपासून प्रत्येक फिल्मच्या तीन प्रती ठेवतो, एक दुसऱ्या जागी. पहिली हार्ड डिस्क फिरलीच नाही, नुसता टकटक आवाज. दुसरी चालली. प्रोजेक्ट उघडला तसे प्रत्येक शॉटच्या पहिल्या नोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या पहिल्या टप्प्यात, ते आकडे दिसले, मी चढवलेली उब, एकामागून एक, हजारभर शॉट. सहायक मागे उभी होती. मी म्हटलं, बघून ठेव.

पैसे न घेता पूर्ण फिल्म नव्याने केली. दिग्दर्शक आला, राखाडी भिंती बघून "उदास आहे" म्हणाला, बसला. चेहरे चेहऱ्यांसारखे दिसत होते. रात्री माणसं ओळखू येत होती. शेवटच्या रिळापाशी त्याने हात वर केला. म्हातारी उंबऱ्यात बसलेली असते, तो शॉट. म्हणाला, हा पूर्वीसारखाच ठेव, तांबूस. इतक्या वर्षांत मला तो तसाच आठवतो.

मी स्कोप दाखवला. रेघेपासून पार लांब. तो म्हणाला, असू दे. जुना नोड पुन्हा चालू केला.