नर्मदाकाठी दोन रात्री आणि महेश्वरचा राजवाडा

गेल्या डिसेंबरात आईला घेऊन आम्ही चौघे इंदूरहून महेश्वरला गेलो. अंतर साधारण ९० किलोमीटर; सकाळी निघून संध्याकाळी परतता येते आणि आजवर आम्ही तसेच करीत आलो होतो. या खेपेस मात्र पहाटेची नर्मदा काठावर बसून पाहायची, अशी आईची फार इच्छा होती. तिचे गुडघे दुखतात, कमोडशिवाय तिची सोय होत नाही आणि तंबूत जमिनीवर झोपणे तिला अशक्य आहे. म्हणून पलंग, ओटा आणि शौचालय असलेली कॅम्परव्हॅन चालकासह भाड्याने घेण्याचे आम्ही ठरवले.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी मी पाण्याची टाकी पूर्ण भरून घेतली आणि भांडी धुण्याच्या सिंकचा नळ बराच वेळ सोडून ठेवला. खाली वाकून पाहिले, तर निचऱ्याची नळी सांडपाण्याच्या टाकीला जोडलेलीच नव्हती. साबणाचे पाणी सरळ रस्त्यावर पडत होते. "नदीकाठच्या मोकळ्या जागेत काय फरक पडतो?" असे भाड्याने देणाऱ्यांनी विचारले. ज्या नदीला आम्ही मैया म्हणतो आणि जिची परिक्रमा करण्यात माणसे आयुष्याची वर्षे घालवतात, तिच्या काठावर खरकटे पाणी सोडणे मला मान्य नव्हते. क्लॅम्प आणून नळी घट्ट बसवेपर्यंत मी गाडी हलू दिली नाही. त्यात दोन तास गेले, पण गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने ही एक तपासणी अवश्य करावी, असे मला मनापासून वाटते.

जाम घाटाचा रस्ता देखणा आहे, परंतु उंच आणि जड गाडीला त्याची वळणे नकोत, असे चालकदादांचे मत पडले. त्यामुळे महू, मानपूर, धामनोद असे गेलो आणि मानपूरनंतरचा लांब उतार त्यांनी सबंध खालच्या गिअरमध्येच उतरवला.

मुक्कामाची जागा महेश्वर आणि मंडलेश्वर यांच्या दरम्यान, ओळखीतून मिळालेल्या एका शेतात होती. पाण्याला अगदी लागून गाडी उभी करावी, असा माझा हट्ट होता. शेतमालक काकांनी काही न बोलता मला काठावरच्या बाभळीपाशी नेले आणि माझ्या डोक्याच्याही वर, काट्यांत अडकलेला वाळका पालापाचोळा दाखवला. पावसाळ्यात पूर तिथवर येऊन गेला होता. हिवाळ्यात पूर येत नसला, तरी वरच्या धरणांतून पाणी सोडले की पातळी वाढते आणि काठालगतच्या ओल्या मातीत जड गाडीची चाके रुततात, हेही त्यांनीच समजावून सांगितले. आम्ही वरच्या मुरमाड तुकड्यावर थांबलो आणि गाडी समपातळीत यावी म्हणून दोन चाकांखाली फळ्या घातल्या. शौचालयाची मैला साठणारी पेटी दुसऱ्या दिवशी, त्यांची परवानगी घेऊन, त्यांच्याच घरच्या शौचालयात रिकामी केली.

पहाटे आई शाल पांघरून खुर्चीवर बसली होती. पाण्यावर धुके होते. तासभर ती कोणाशीही बोलली नाही.

नंतर आम्ही किल्ल्यावर गेलो. घाटाच्या पायऱ्या आईला झेपणाऱ्या नव्हत्या, म्हणून गावातून रिक्षाने वर गेलो. राजवाडा म्हणजे खरे तर लाकडी खांबांचा, ओसरीचा साधा मराठी वाडा आहे. तलवारी, भाले आणि पालखी पाहून आम्ही अहिल्याबाईंच्या गादीपाशी आलो. पांढरी बैठक आणि मागे लोड, बस्स. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्यकारभार पाहिला आणि १७८० मध्ये काशी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, हे मला पाठ होते. पण "अरे, आपल्या माजघरातली गादी याहून मोठी होती," असे आई म्हणाली, तेव्हा त्या इतिहासाचा आकार मला प्रथमच कळला. त्याच आवारात लिंगार्चन चालू होते. पाटावर काळ्या मातीची इवलीशी शिवलिंगे ओळीने मांडली जात होती आणि प्रत्येकावर तांदळाचा एकेक दाणा होता. पूजेनंतर ती नर्मदेत विसर्जित होतात. नदीला दिलेली माती विरघळून पुन्हा मातीच होते, हे पाहताना मला सकाळचा भांड्यांचा साबण आठवत होता.

दुपारी मी आणि मुलगी नावेने समोरच्या नावडातोलीला गेलो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५० च्या दशकात तेथे उत्खनन केले आणि ३,००० वर्षांहून जुन्या शेतकरी वस्तीची घरे व रंगवलेली खापरे उजेडात आली. आज वर पाहण्यासारखे फार थोडे आहे. तरी त्या टेकाडावरून किल्ला, घाट आणि पाणी एका नजरेत येते, आणि इतक्या जुन्या काळी माणसांनी हाच काठ का निवडला, हे मुलीला वेगळे सांगावे लागले नाही.

तिसऱ्या दिवशी इंदूरला परतल्यावर ओला आणि सुका कचरा कचरागाडीत वेगवेगळा टाकला आणि सांडपाण्याच्या टाकीचा कॉक घरच्या मोरीशी नळी जोडून उघडला. चौघांचे दोन दिवसांचे पाणी मुलीने बादलीने मोजले. ते साठ लिटर भरले.