लेखकांच्या यादीतले वाढीव नाव

नागपूर, रविवार, रात्री उशिरा

हातपंपांच्या पाण्यातील फ्लोराइडवरचा आमचा शोधनिबंध या आठवड्यात पाठवायचा आहे आणि माझ्या मार्गदर्शक सरांनी शुक्रवारी लेखकांच्या यादीत एक नाव वाढवायला सांगितले. हे नाव दुसऱ्या विभागातील एका ज्येष्ठ प्राध्यापकांचे आहे. आमच्या कामाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पुढे माझ्या नोकरीच्या वेळी त्यांचा शब्द कामी येईल, एवढेच त्यामागचे कारण. सरांनी हे माझ्या भल्यासाठीच सुचवले, याविषयी मला शंका नाही आणि म्हणूनच नकार देणे अधिक अवघड झाले आहे. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे माझ्या प्रगतीचा अहवाल जातो आणि त्यावर सरांचीच सही लागते.

मला खरे तर त्या यादीत नसलेले नाव जास्त अस्वस्थ करते. यवतमाळ जिल्ह्यातील हातपंपांचे नमुने आमच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने भर उन्हात फिरून गोळा केले. फ्लोराइडची काचेशी अभिक्रिया होते, म्हणून पॉलिथिनच्या बाटल्या, प्रत्येकीवर गाव, तारीख आणि विहिरीची खोली. भारतीय मानकानुसार फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. एका हातपंपाचा आकडा या १.५ च्या अगदी काठावर आला, तेव्हा कोणी न सांगता तिने फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडचे प्रमाणीकरण नव्याने करून तो नमुना पुन्हा तपासला. त्या गावाने ते पाणी प्यावे की नाही, हे त्या आकड्यावर ठरू शकते. उद्या कोणी त्यावर बोट ठेवले तर उत्तर ती देऊ शकेल, मी देऊ शकेन. ते प्राध्यापक काय सांगणार?

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वासाठी चार अटी घातल्या आहेत आणि त्या चारही पूर्ण व्हाव्या लागतात : कामात भरीव वाटा, लेखनात किंवा चिकित्सक पुनर्लेखनात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. आमचा विषय रसायनशास्त्राचा असला तरी ही कसोटी मला पटते. पहिली अट पूर्ण करणाऱ्याला उरलेल्या अटी पूर्ण करण्याची संधी द्यावी, असेही ती समिती सांगते, आणि आपल्याकडे नेमके हेच राहून जाते : नमुने आणणाऱ्याला मसुदा दाखवायचाच नाही आणि मग त्याने लेखन कुठे केले, असे विचारायचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमावलीमुळे मजकुराचे साम्य टक्क्यांत मोजले जाते. दाक्षिण्यापोटी घातलेले नाव मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरला सापडत नाही.

म्हणून काल मसुदा तिला पाठवला. आज संध्याकाळी तिचा फोन आला, "ताई, तिसऱ्या तक्त्यात दोन गावांच्या विहिरींची खोली अदलाबदल झाली आहे." खोली आणि फ्लोराइड यांच्या संबंधावर आमचा अर्धा निष्कर्ष उभा आहे.

उद्या हा दुरुस्त तक्ता घेऊनच सरांकडे जाईन. तिचे नाव यादीत असावे आणि त्या प्राध्यापकांचे नसावे, हे आदराने पण स्पष्ट सांगेन. सर रागावले तर निबंध पाठवणे लांबणीवर पडेल, ते मला चालेल.