पैलकाठ: पोचले, आणि वही कोरी

पोचले. नऊपूल म्हणजे मी ल्युसिड स्वप्नांत, म्हणजे ‘हे स्वप्न आहे’ हे कळत असताना पडणाऱ्या स्वप्नांत, उभं करत असलेलं शहर. त्याच्या सातव्या पुलावरून पैलकाठावर दोन्ही पाय टेकले. आणि वहीत त्याची एक ओळही नाही. ते का, ते सांगतेच. पण आधी पूल.

मागच्या तीन नोंदी वाचलेल्यांना माझं रडगाणं पाठ असेल. ऐलकाठ आता अंगणासारखा झालाय. जकातनाका, दोरखंडवाल्यांची गल्ली, घाट, हवं तेव्हा सगळं उभं राहतं. पण पूल ओलांडायला लागलं की पलीकडे मिठागरवाल्यांची वस्ती येण्याऐवजी माझ्या शाळेचा व्हरांडा येतो. दर वेळी. एकदा तर दातांचा दवाखाना आला होता. त्या वस्तीवर माझी ४० पानं लिहून झालीत, गल्ल्यांचा नकाशा आहे, कुणाचं कुणाशी वाकडं आहे तेही ठरलंय, आणि मला मिळतो व्हरांडा!

सुचेल ते केलं. हात चोळले, गिरकी घेतली. गिरकीने स्वप्न टिकतं हे खरं, पण थांबल्यावर देखावा बदलतो, आणि माझ्या नशिबी बदलूनही व्हरांडाच. ‘पैलकाठ दिसू दे’ म्हणून ओरडले, तर जकातदाराने नुसतं वळून पाहिलं. नकाशा सोबत नेण्याची कल्पना तर मागेच फसली. स्वप्नातला मजकूर नजर हलवून परत वाचला की बदलतो. आरसीसाठी (रिअ‍ॅलिटी चेक, म्हणजे हे स्वप्न की जाग याची चाचणी) आपण तेच वापरतो, आणि मी त्याच्याच भरवशावर वाट शोधायला निघाले होते.

मंगळवारी कपड्यांच्या घड्या घालताना डोक्यात प्रकाश पडला. पुलावर मी समोर डोळे ताणून बघत असते, धुक्यातून वस्ती निघते की नाही या धाकधुकीत. स्वप्न चालतं अपेक्षेवर. इतक्यांदा व्हरांडा आल्यावर माझी आतली अपेक्षा व्हरांड्याचीच असणार, तोंडाने मी काहीही म्हणेना का. दिवसा डोळे मिटून वस्ती रंगवण्याचा सरावही इथे फारसा कामाचा नसावा. लाबर्ज, बेअर्ड आणि झिम्बार्डो यांचा २०१८चा प्रयोग आठवा: ल्युसिड स्वप्नात हलत्या वस्तूचा माग घेताना डोळे जागेपणी बघितल्यासारखे सलग फिरतात, नुसती कल्पना करताना मात्र झटके घेत जातात. मी पुलावर कल्पना करायला जात होते. तिथे तर बघणं चालू असतं.

मग बघायचंच नाही असं ठरवलं. पाठमोरं चालायचं. ऐलकाठ नजरेत धरून ठेवायचा आणि पाठीमागे जे व्हायचं ते होऊ द्यायचं.

गुरुवारी साडेदहाला झोपले, साडेतीनचा गजर, डब्ल्यूबीटीबी (मध्येच उठून थोडं जागं राहायचं आणि परत झोपायचं) २० मिनिटांचं, लाल टॉर्चखाली वही चाळली, मग नेहमीचं माइल्ड (‘स्वप्नात आहे हे मला कळेल’ असं मनाशी घोकत झोपणं). घाटावर, स्वप्नातच, शुद्ध आली. नाक दाबलं, तरी श्वास आत आला. सातव्या पुलाकडे पाठ केली आणि मागे मागे सरकत निघाले. तळव्यांना दगड लागत होता. पावलं मोजत होते. साठच्या आसपास दगड संपून लाकूड लागलं. माझ्या वहीत हा पूल अखंड दगडी आहे! जकातदार लहान होत गेला. मग टाचेखाली काहीतरी करकरलं. मीठ. जाडं, ओलसर. मी तिथेच थांबून चार-पाच वेळा टाच दाबली, निव्वळ त्या आवाजासाठी. इतक्या रात्रींचं उट्टं निघालं.

वळले. वस्ती होती. पण घरं नदीकडे पाठ करून बसलेली, नदीच्या बाजूला एक दार नाही की खिडकी नाही. नकाशात मी सगळी दारं नदीकडे काढलीत. एका बाईने पुढे येऊन जकातीची पावती मागितली. आता पावती म्हणजे पुन्हा मजकूरच. मी खिसे चाचपत राहिले आणि जाग आली.

न हलता पडून राहिले, सगळं शेवटाकडून सुरुवातीकडे आठवलं, वही ओढली. दीड पान लिहिलं. पुलाच्या फळ्या काढल्या. दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला नाही, ‘लाइट गेली वाटतं’ असं म्हणाले. (हो, माहितीये. हसा.) मग खरी जाग आली. वही मिटलेली, पेन्सिल जागच्या जागी. जाग आली की आधी आरसी, हे मीच सगळ्यांना सांगत फिरते! डच मनोविकारतज्ज्ञ व्हॅन एडनने १९१३मध्ये ज्या निबंधातून ‘ल्युसिड ड्रीम’ हा शब्द रूढ केला, त्यातही अशा खोट्या जाग येण्याचं वर्णन आहे. सोबत चांगली आहे, एवढंच समाधान. बाईचा चेहरा गेला. दीड पानात बरंच काही होतं, एवढंच आठवतंय.

जाता जाता साधनांचं. रेम (ठळक स्वप्नं पडतात तो झोपेचा टप्पा) ओळखून मनगटावर थरथरणारं घड्याळ मी परत पेटीत टाकलंय. झोपेच्या प्रयोगशाळेत रेम ओळखायला मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण बघतात. मनगटावरून बांधलेला तो अंदाजच, आणि माझं घड्याळ तर मी जागी असताना थरथरतं. पैसे वाचवा. उताणं पडून लिहायला पेन्सिलच घ्या, उलट्या धरलेल्या बॉलपेनाची शाई उतरत नाही.

पुढचा महिना पाठमोरी चाल पक्की करण्यात घालवायचा, असं इथवर लिहीपर्यंत ठरलेलं होतं. पण थांबा. ती खोटी खोली, तो न लागणारा दिवा, हेही स्वप्नच होतं ना? म्हणजे मी अजून आतच होते, फक्त पुलाशिवाय. मग पुलाची गरजच काय? जाग आल्यावर आरसी, खोली खोटी निघाली तर वहीला हात लावायचा नाही, सरळ दाराकडे पाठ करून कडी काढायची आणि उलट्या पावलांनी बाहेर. टाचेखाली मीठ लागलं तर वळायचं. घरांची दारं कुठल्या बाजूला आहेत ते बघायचं राहिलंय. नकाशातली नदीकाठची ओळ आत्ताच खोडून टाकली.

पावतीचं मात्र ठरत नाहीये. आधी नाक्यावर जाऊन जकातदाराकडे मागू का?